द फोर्स अवेकन्स : माणसं नवीन, गोष्ट तीच, आणि गल्ला तर विचारूच नका

आधीच सांगून ठेवतो, पुढं सगळं उघडं करून लिहिलंय, शेवटासकट. स्टार वॉर्सचा सातवा भाग म्हणजे 'द फोर्स अवेकन्स' ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी आधी बघून घ्या आणि मग या. माझं मत एका दमात सांगायचं तर पहिला सव्वा तास नाद खुळा, नंतरचा तास बराचसा पाठ असल्यासारखा, आणि दहा वर्षं झाली तरी जो वाद मिटत नाही, म्हणजे "कॉपी आहे" विरुद्ध "मग एवढा चालला कसा", त्या वादात दोन्हीकडची माणसं मूळ दुखणं सोडून भलतीकडंच बोट ठेवतात. पाचपैकी साडेतीन देतो. ते साडेतीन कशाला आणि दीड कुठं गेला ते सगळं खाली लिहितोय, जरा लांबलंय, पण विषयच तसा आहे.

परवा कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून परत बघितला. पांढरी भिंत आणि दोन मोठे स्पीकर, बास. बघायला नेहमीचे आम्ही, म्हणजे उद्यमनगरात लेथवर अर्धं आयुष्य गेलेला एक, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा एक, मी, आणि यावेळी माझी अकरावीतली भाची, जिनं स्टार वॉर्सचा एकही भाग आधी बघितला नव्हता. ती होती हे फार बरं झालं. आमची सगळी जुनी मंडळी, आम्हाला हा सिनेमा कधी एकटा दिसतच नाही, त्याच्या मागं कायम १९७७ चा पहिला भाग उभा असतो. तिला तो दिसत नव्हता, त्यामुळं ती जे बोलली ते आम्हा कुणाला सुचलं नसतं.

वाद काय आहे ते नवीन लोकांसाठी सांगतो. १९७७ च्या सिनेमात एका यंत्रमानवाच्या पोटात गुप्त आराखडे लपवतात, तो वाळवंटी ग्रहावर येऊन पडतो, तिथं ल्यूक नावाच्या एका अनाथ पोराच्या हाती लागतो, पोरगं एका म्हाताऱ्या जाणत्या माणसाबरोबर घर सोडतं, वाटेत नाना तऱ्हेच्या प्राण्यांनी भरलेला गुत्ता लागतो, तो म्हातारा पोराच्या डोळ्यांदेखत काळ्या मुखवटेवाल्याच्या हातून जातो, आणि शेवटी अख्खा ग्रह उडवू शकणारं डेथ स्टार नावाचं अवाढव्य हत्यार छोटी विमानं एका चरात घुसवून उडवलं जातं. आता २०१५ बघा. यंत्रमानव बीबी-एट, त्याच्याकडं नकाशा, वाळवंटी ग्रह जाक्कू, आईबाप सोडून गेलेली पोरगी रे, जाणता म्हातारा म्हणजे आता खुद्द हॅन सोलो, जुन्या भागांतला तस्कर, गुत्त्याच्या जागी मॅझ कनाटा हिचा वाडा, काळा मुखवटा कायलो रेनचा, आणि हत्यार स्टारकिलर बेस, डेथ स्टारच्या कित्येक पट मोठं. वर १९८३ च्या भागातला तो प्रकार पण घेतलाय, की आधी काही जणांनी जमिनीवर उतरून संरक्षक कवच बंद करायचं आणि मग विमानं आत सोडायची. हे योगायोगानं झालेलं नाही. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स आणि त्यांच्याबरोबर लिहायला बसलेले लॉरेन्स कॅस्डन, ज्यांचा १९८० आणि १९८३ च्या दोन्ही भागांच्या लेखनात हात होता, त्यांनी हे सगळं समजून उमजून केलंय. सिनेमातच हल्ल्याच्या बैठकीत डेथ स्टारचं चित्र बाजूला ठेवून नवं हत्यार केवढं मोठं ते दाखवतात. म्हणजे पात्रांना पण माहीत आहे की हे आधी होऊन गेलंय!

आणि का केलं हे पण समजून घेतलं पाहिजे. १९९९ ते २००५ मधले तीन भाग, ज्यांनी स्टार वॉर्स सुरू केलं त्या जॉर्ज लुकासनी स्वतः केले, त्यात नवीन ग्रह होते, संसदेतलं राजकारण होतं, एक मोठी शोकांतिका होती, पण जुने चाहते त्यावर फार चिडले, संवाद कोरडे म्हणाले, सगळं कॉम्प्युटरवर काढल्यासारखं दिसतंय म्हणाले. मग २०१२ मध्ये डिस्नेनं त्यांची कंपनी लुकासफिल्म ४०० कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून घेतली. एवढा पैसा घातल्यावर पहिल्याच घासाला खडा लागून चालणार नव्हता. लुकासनी पुढच्या भागांसाठी लिहून दिलेली कल्पना बाजूला ठेवली गेली आणि चाहत्यांना जे आठवतंय तेच परत द्यायचं ठरलं, खरे सेट, खऱ्या वाळवंटात शूटिंग (अबू धाबीत केलंय), डिजिटलऐवजी फिल्मचं रीळ. जुन्या वळणाचा सिनेमा करायचा हा विचार आपल्याला पटला नाही, आपण प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं करत होतो, असं लुकास नंतर उघडपणे बोलले. मला वाटतं त्यांचं दुखणं समजून घेण्यासारखं आहे, जरी त्यांचे ते तीन भाग मला स्वतःला सगळे आवडत नसले तरी.

तर सिनेमा संपला आणि आमच्यात लगेच जुंपली. फिजिक्सवाला म्हणाला, शिळ्या कढीला ऊत आणलाय, दुसरं काही नाही. उद्यमनगरवाला म्हणाला, "भावा, दोनशे कोटी डॉलर मिळवलेत त्या कढीनं, लोकांना काय कळत नाही व्हय?" आणि मग आमचं हॉलमधून जिन्यात, जिन्यातून गाड्यांवर, तिथनं रंकाळ्यावर, भेळेच्या गाड्यापाशी उभं राहून तेच चालू.

आकड्यांचं म्हणाल तर ते डोळे पांढरे करणारे आहेतच. पहिल्या तीन दिवसांत एकट्या अमेरिका-कॅनडात जवळजवळ २४ कोटी ८० लाख डॉलर. १२ दिवसांत जगभरात १०० कोटी डॉलर, जे तोवर कुठल्याच सिनेमाला इतक्या लवकर जमलं नव्हतं. अवतारचा अमेरिकेतला विक्रम यानं २० दिवसांत मोडला. शेवटचा हिशेब जगभरात २०७ कोटी डॉलरच्या आसपास, त्यातले ९३ कोटी ६० लाख अमेरिका-कॅनडातले, आणि तिकडचा तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही. हे सगळं खरं आहे आणि ज्यांनी तो पिक्चर पडला, फसला, असं काही लिहून ठेवलंय त्यांनी निदान आकडे तरी बघावेत.

पण या आकड्यांच्या पोटात शिरलं की वेगळंच दिसतं. एकूण पैशातला जवळजवळ ४५ टक्के पैसा एका अमेरिका-कॅनडातून आला, म्हणजे जिथं तीन पिढ्या हे बघत मोठ्या झाल्यात तिथून. चीनमध्ये, जिथं जुने तीन भाग त्यांच्या काळात थिएटरात लागलेच नव्हते, तिथं १२ कोटी ४० लाख डॉलर झाले, म्हणजे एकूण पैशाच्या सहा टक्के. वाईट आकडा नाही तो, पण तिकडच्या बाजाराचा आवाका बघता तुफान पण नाही. आणि आपल्याकडं तर तो आठवडाभर उशिरा लागला, तिकडं १८ डिसेंबर आणि आपल्याकडं २५, कारण १८ ला बाजीराव मस्तानी आणि दिलवाले एकदम आले होते. इथं कोल्हापुरात त्या दिवसांत कुणाला विचारलं असतं तर बाजीरावाचीच चर्चा ऐकायला मिळाली असती, कायलो रेन कोण हे सांगणारा शोधून काढावा लागला असता. म्हणजे जिथं आठवण होती तिथं तिकीट विकलं गेलं. लोकांनी ते पैसे गोष्ट नवीन आहे का जुनी हे तपासून दिलेले नाहीत, तपासायला आधी बघावा लागतो ना! पहिल्या तीन दिवसांचा गल्ला हा कायम आधीच्या सिनेमांनी कमावून ठेवलेला असतो, त्यात नवीन सिनेमाचा वाटा कमी. पुढच्या आठवड्यांत मात्र लोक परत परत गेले, आणि ते श्रेय याच सिनेमाचं, ते कुणी काढून घेऊ नये. आणि एक, तिकिटांचे भाव चढत आलेत ते हिशेबात धरलं तर अमेरिकेत १९७७ चा पहिला भागच अजून याच्या कितीतरी पुढं आहे, तिकडच्या त्या यादीत त्याचा नंबर दुसरा, वर फक्त 'गॉन विथ द विंड'. तो तर कुणाच्या आठवणीवर चालला नव्हता, तेव्हा हे नाव सुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

म्हणून गल्ला किती झाला हे गोष्टीबद्दलच्या भांडणात पुरावा म्हणून आणूच नये असं माझं ठाम मत आहे. दोन वेगळे विषय आहेत.

आता सिनेमाकडं येतो, कारण त्यातलं जे चांगलं आहे ते इतकं चांगलं आहे की "कॉपी" हा एक शब्द फेकून विषय संपवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. रेचा पहिला प्रसंग घ्या. पडलेल्या महाकाय युद्धनौकेच्या पोटात ही पोरगी एकटी दोरीला लोंबकळून भाग खोलतीय, बाहेर येऊन बाटली उलटी करून शेवटचा थेंब जिभेवर घेते, मग पत्र्यावर बसून वाळूच्या उतारावरनं घसरत खाली. मग बाजारात जाऊन ते भाग घासायला बसते. समोर एक म्हातारी बसलीय, तीही तेच घासतीय, आणि रे हात थांबवून तिच्याकडं एक क्षण बघते. एक शब्द नाही! पुढच्या पन्नास वर्षांत आपलं काय होणार हे तिला त्या एका नजरेत दिसतं आणि आपल्यालाही. आमचा उद्यमनगरवाला इथं ताठ बसला, म्हणाला, "मर्दा, खरंच घासालीय बघ ती, नुसती अभिनय करायली नाही." आणि भंगाराच्या मालाचे पैसे देताना तो दुकानदार आज याचा भाव पडलाय म्हणून एवढंसं धान्य पुढं सरकवतो, तेव्हा उद्यमनगरवाला नुसता मान हलवत होता, ते त्यानं रोज बघितलंय. मग ती आपल्या घरी, म्हणजे आडव्या पडलेल्या एका लढाऊ यंत्राच्या पोटात, भिंतीवर अजून एक रेघ ओढते, पावडर पाण्यात टाकल्यावर भाकरी टम्म फुगून वर येते (ती कॉम्प्युटरवर काढलेली नाही, सेटवर खरोखर फुगवलीय), ताट चाटूनपुसून खाते आणि कुणातरी वैमानिकाचं जुनं हेल्मेट डोक्यात घालून आकाशाकडं बघत बसते. पाच मिनिटांत माणूस उभं केलं. १९७७ च्या ल्यूकला काका-काकू होते, जेवायला टेबल होतं, तो कंटाळलेला होता. ही कंटाळलेली नाही, ही वाट बघतीय. जागा तीच आहे पण माणूस वेगळं आहे, आणि माणूस वेगळं असलं की गोष्ट वेगळी होते.

फिनचं, म्हणजे शत्रूची फौज सोडून पळालेल्या सैनिकाचं, पण तसंच. पहिल्याच हल्ल्यात त्याचा मित्र मरता मरता रक्ताळलेली बोटं त्याच्या पांढऱ्या हेल्मेटवर ओढतो, आणि इतकी वर्षं ज्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांना आपण नुसते पडताना बघत होतो त्यातल्या एकाला पहिल्यांदा ओळख मिळते. ही कल्पना जुन्या कुठल्याच भागात नव्हती. दुर्दैवानं पुढं तिचं फार काही केलं नाही, अर्ध्या तासात तो आपल्याच जुन्या सोबत्यांना बिनदिक्कत उडवायला लागतो, आणि हे मला खटकलं.

कायलो रेन, हॅन सोलोचा मुलगा आणि १९७७ च्या त्या मुखवटेवाल्याचा नातू. माझ्या मते या सिनेमातली सगळ्यात ताकदीची गोष्ट. जुना मुखवटेवाला आल्यावर खोलीतली हवा जायची, हा मुखवटा घालून तसं होण्याची धडपड करतोय आणि त्याला जमत नाही. आजोबाचं वितळलेलं शिरस्त्राण समोर ठेवून त्याच्याशी बोलतो. कैदी पळाल्यावर चिडून तलवारीनं यंत्रं फोडत बसतो आणि कॉरिडॉरमधून येणारे दोन सैनिक तो आवाज ऐकून आल्या पावली मागं फिरतात. ॲडम ड्रायव्हरनं मुखवटा काढला तेव्हा भाची म्हणाली, "मामा, हा तर आमच्या कॉलेजातल्या पोरांसारखा दिसतोय." तेच तर! मोठ्या घराण्यात जन्मून त्या नावाचं ओझं पेलत नाही म्हणून उलट्या दिशेनं गेलेलं पोरगं. हे कॉपी आहे म्हणणाऱ्यानं कॉपी कशाची ते पण सांगावं.

आता दीड मार्क कुठं गेला ते. स्टारकिलर बेस.

जुन्या सिनेमात एक ग्रह उडतो. त्या ग्रहाची राजकन्या लेया तिथंच उभी असते, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याकडून माहिती काढून घेऊन मग उडवतात. आपण तो ग्रह कधी बघितलेला नसतो पण तिचा चेहरा बघत असतो, म्हणून लागतं. इथं पाच ग्रह उडतात. एकदम! तिथं कोण राहतं, सरकार कुणाचं, आपला त्यांच्याशी काय संबंध, हे जवळजवळ काही कळत नाही, गच्चीवर उभे राहून वर बघणारे काही चेहरे दिसतात आणि संपलं. लेया आता सेनापती आहे, जे सरकार उभं करायला तिनं जन्म घातला ते सरकार त्या क्षणी राख होतं, आणि सिनेमा तिच्याकडं कॅमेरा नेतच नाही. माझ्या भाचीनं इथं विचारलं की हे कोण मेले? आम्हा तिघांपैकी एकालाही नीट सांगता आलं नाही. फिजिक्सवाल्याचा तर वेगळाच संताप, की दुसऱ्या कुठल्यातरी सूर्याभोवती होणारा स्फोट या ग्रहावरच्या आकाशात उघड्या डोळ्यांनी त्याच क्षणी कसा दिसतो, प्रकाशाला यायला वर्षं लागतील. मला त्याचं एवढं वाटत नाही, या सिनेमात तलवारी प्रकाशाच्या आहेत. मला वाटतं ते पाच ग्रहांचं. आकडा वाढवला की दुःख वाढत नाही.

आणि मग ते हत्यार उडवायची योजना दोन मिनिटांत ठरते, कवच बंद करायला कॅप्टन फॅझ्मा ही शत्रूची एवढी नावाजलेली सेनानी बंदूक रोखल्याबरोबर मुकाट बटणं दाबते, विमानं आत शिरतात, धडाम. हल्ल्यातला वैमानिक पो डॅमरन चांगला आहे, ऑस्कर आयझॅकनं त्यात जीव ओतलाय, पण आपल्याला काहीच धास्ती वाटत नाही, कारण हे आपण दोनदा बघितलंय. त्याच वेळी जंगलात रे आणि कायलोची लढाई चालू आहे, खरं सगळं तिकडं घडतंय, आणि सिनेमा मधेच तिथनं आपल्याला उचलून विमानात नेऊन बसवतो.

इथं मला कोल्हापूरचं एक सांगायचंय, कारण हे आपल्याला जास्त कळायला पाहिजे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथनं रोज जाणाऱ्यांना माहीत असेल नसेल, पण बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून या गावात सिनेमा सुरू केला. त्यांचा 'सावकारी पाश' मूकपट म्हणून १९२५ ला आला आणि १९३६ ला त्यांनीच तो परत बोलपट म्हणून केला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला हरिश्चंद्राची गोष्ट केली, आणि १९३२ ला प्रभातनं, तेव्हा प्रभात इथं कोल्हापुरात होती, तीच गोष्ट घेऊन 'अयोध्येचा राजा' केला, मराठीतला पहिला बोलपट. राजा, स्वप्न, डोंबाचं घर, स्मशान, सगळं तेच, आबालवृद्धांना शेवट पाठ. पण १९१३ ला तारामती पुरुषानं केली होती आणि १९३२ ला दुर्गा खोटे उभ्या राहिल्या, स्वतःच्या आवाजात बोलल्या. त्याच गोष्टीत बाई आली आणि गोष्टीचं वजन तिच्याकडं सरकलं. याला कुणी कॉपी म्हणेल का? म्हणून रेच्या बाबतीत मला काडीची तक्रार नाही. ल्यूकच्या जागी पोरगी आली, तिनं ती जागा आपली केली.

पण हरिश्चंद्र परत सांगणं आणि हरिश्चंद्राच्या पुढची गोष्ट म्हणून तीच परत सांगणं यात फरक आहे, आणि माझं सगळं दुखणं एवढंच आहे. नव्यानं सांगताना आधीची गोष्ट शाबूत राहते. हा तर पुढचा भाग आहे. १९८३ ला ल्यूक, लेया आणि हॅन या तिघांनी साम्राज्य पाडलं, फटाके फुटले, नाचले. मग तीस वर्षांनी पडदा उघडतो तर परत तेच पांढरे सैनिक, तोच लाल-काळा झेंड्याचा थाट, तीच मूठभर बंडखोर, लेया परत भुयारासारख्या तळावर, हॅन परत उधारी चुकवत फिरणारा तस्कर, ल्यूक गायब. कथानक जुळवून घ्यायला म्हणून आधीच्या तिन्ही भागांचं फळ पुसून टाकलं. त्यांनी जिंकलेलं राज्य आपल्याला दाखवलं पण नाही, ते कसं चाललं, कशात चुकलं, लोकांनी परत हुकूमशहा का मानला, यातलं काही नाही. केवढा मोठा विषय होता तो! स्वातंत्र्य मिळाल्यावर तीस वर्षांनी काय उरतं, हे आपल्या देशातल्या माणसाला सांगायला लागत नाही. तिथं खरी नवी गोष्ट होती आणि ती सोडून यांनी अजून एक गोल हत्यार बांधलं. "कॉपी" म्हणणारे म्हणतात नवीन काही नाही. मी म्हणतो नवीन भरपूर आहे, पण जुन्याची किंमत कमी करून आणलंय.

तरीपण हॅन सोलोचा शेवट. तो पूल, खाली अंधार, बाप लेकाला नावानं हाक मारतो. हत्यार सूर्य पिऊन घेत असतं, वरनं येणारा उजेड कायलोच्या अर्ध्या तोंडावर पडलेला, आणि तो उजेड जातो त्याच क्षणी तलवार पेटते. स्टारकिलरची कल्पना अख्ख्या सिनेमात इथं एकदाच कामाला आली. आणि पडता पडता हॅरिसन फोर्ड हात वर करून पोराच्या गालावरनं फिरवतो, राग नाही, काही नाही. हॉलमध्ये कुणी बोललं नाही. १९७७ मधल्या त्या म्हाताऱ्याच्या मरणाची नक्कल म्हणून हे बाजूला टाकणाऱ्यांना सांगतो, तिथं गुरू गेला होता, इथं बाप लेकाच्या हातून गेला. यानंतर तळावर परतल्यावर लेया हॅनचा जुना केसाळ साथीदार चूबाका याला सोडून रेला मिठी मारते, ज्या रेला ती धड ओळखत पण नाही, हे मात्र चुकलंच, आणि एब्रम्सनी पण नंतर ते कबूल केलंय.

बर्फातली लढाई मला सगळ्या भागांतल्या लढायांत वरची वाटते. नाचल्यासारखं काही नाही त्यात. कायलोला कुशीत लागलेलं आहे, रक्त बर्फावर पडतंय, तो आपल्याच जखमेवर मूठ मारून स्वतःला जागं ठेवतो, दोघंही धापा टाकतात, पाय घसरतात, खासबागेत शेवटच्या मिनिटांना दोन दमलेले पैलवान कसे फक्त जिद्दीवर एकमेकांना रेटतात तशी ती लढाई आहे. बर्फात पडलेली तलवार तो फोर्स नावाच्या अदृश्य शक्तीनं ओढायला बघतो, ती उडते आणि त्याला ओलांडून रेच्या हातात जाऊन बसते, आणि मागं जॉन विल्यम्सचं ते जुनं संगीत उचल खातं. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. रेसाठी त्यांनी जी नवीन धून केलीय ती नुसती ऐकायला पण लावत जा. सिनेमाला पाच ऑस्कर नामांकनं होती, संगीताचं पण होतं, मिळालं एकही नाही, आणि संगीताचं न मिळाल्याची मला आजही चुटपुट आहे.

भाचीला आवडला, फार आवडला. कॉपीचा वाद तिनं ऐकून घेतला आणि म्हणाली की तुम्ही सगळे जुना सिनेमा शोधत बसलात, मी रेला बघत होते. मग लगेच म्हणाली, पण ते जिंकल्यासारखं वाटलंच नाही, परत नवीन गोळा बांधतील की. अकरावीतली पोरगी, जिनं काहीच बघितलं नव्हतं, तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. आणि पैशाच्या भाषेत पण तेच झालं म्हणायला जागा आहे, पुढचा भाग २०१७ ला आला तो १३३ कोटी डॉलरला थांबला आणि २०१९ चा १०७ कोटीला. कारणं बरीच असतील, त्या दोन्ही भागांवर वेगळी भांडणं आहेत, पण आठवणीच्या जोरावर एकदा तिकीट काढलेला माणूस पुढं काय मिळणार हे बघून मगच परत येतो.

आता ज्यांना बघायचाय त्यांच्यासाठी. हा पहिला म्हणून बघायला हरकत नाही, पण माझं ऐकाल तर आधी १९७७, मग १९८०, मग १९८३ चा, आणि मधे थोडे दिवस जाऊ देऊन मग हा. लागोपाठ बघितला तर सारखेपणा डोक्यात जातो, मधे अंतर राहिलं तर पुलावरचा प्रसंग दुप्पट लागतो. सव्वादोन तासांचा आहे, बारीक पोरांना चालेल, फक्त तो पुलावरचा भाग आणि सुरुवातीचा गावावरचा हल्ला आठ-नऊ वर्षांच्या आतल्यांना जरा जड जाईल. मोबाईलवर अजिबात बघू नका, जाक्कूवरनं मिलेनियम फाल्कन उडवायचा पाठलाग आयमॅक्स कॅमेऱ्यानं घेतलाय, त्याला मोठी भिंत पाहिजे. इंग्रजी सबटायटल लावून ठेवा, कायलोचं मुखवट्यातलं बोलणं लहान स्पीकरवर निम्मं कळत नाही. आमच्याकडं रविवारी आठवा भाग लावायचं ठरलंय, उद्यमनगरवाल्याचं आणि फिजिक्सवाल्याचं त्यावरनं आत्ताच वाजायला लागलंय, तो बघून झाला की त्यावर वेगळं लिहितो.